प्रेक्षागारांतल्या फिती

गायनकला ही सर्व कलांमध्यें अभागी कला होय. चित्रकाराचें चित्र भिंतीवर राहतें, कवीची कविता पोथींत राहते, शिल्पकाराची मूर्ति तर हजार वर्षें ऊनपाऊस सोसते. गवयाचें गाणें मात्र ज्या क्षणीं पूर्ण होतें त्याच क्षणीं नाहींसेंहि होतें. भास्करबुवा बखले १९२२ सालीं निवर्तले, अल्लादियाखांसाहेब १९४६ सालीं गेले. दोघांचेंहि गाणें ध्वनिमुद्रिकेवर उतरलें नाहीं. त्यांच्या थोरवीविषयीं आज आपण जें कांहीं बोलतों तें शिष्यांच्या गळ्यांवरून व जाणत्यांच्या आठवणींवरून बांधलेलें अनुमान आहे. अशा एखाद्या मैफलींत मागच्या रांगेंतील कोणा श्रोत्यानें उपरण्याखालीं एखादें यंत्र दडवून तें गाणें टिपून ठेविलें असतें, तर? आवाज अंधुक आला असता, शेजाऱ्याचें खोकणें तेवढें स्पष्ट उमटलें असतें, आणि तरीहि तो ठेवा आज आपण जिवापाड जपला असता.

आपल्यापुरता हा प्रश्न कल्पनेंतला आहे. पाश्चात्य संगीताच्या एका अगदीं वेगळ्या शाखेंत मात्र तो प्रत्यक्षांत उतरला. १९७० नंतरच्या चारपांच वर्षांत इंग्लंडांत 'ग्लॅम रॉक' ह्या नांवानें जें संगीत गाजलें, त्याच्या जलशांत श्रोत्यांनीं चोरून भरलेल्या फिती आज शेंकड्यांनीं उपलब्ध आहेत. त्यांचा संग्रह करणारा, त्या एकमेकांशीं ताडून पाहणारा आणि त्यांचें शुद्धीकरण करणारा एक वर्गहि निर्माण झाला आहे. वरवर पाहतां हा छंदिष्टांचा खेळ वाटेल. परंतु त्यांत एक असा प्रश्न दडलेला आहे कीं, ज्याला जुन्या ग्रंथांची आवड आहे त्या कोणाहि वाचकास तो परका वाटणार नाहीं. जीर्ण प्रत सुधारतांना सुधारणाऱ्यानें कोठें थांबावें, हा तो प्रश्न होय.

प्रथम ह्या संगीताची थोडी ओळख करून देणें इष्ट आहे. १९७१ च्या मार्च महिन्यांत बी. बी. सी. च्या 'टॉप ऑफ द पॉप्स' ह्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत टी. रेक्स ह्या मंडळीचा गायक मार्क बोलन डोळ्यांखालीं चमकी लावून उभा राहिला, तेथून ह्या पंथाचा आरंभ मानण्याची चाल आहे. मागील कांहीं वर्षांत रॉक संगीत लांबट, गंभीर आणि कांहींसें पंडिती झालें होतें; बोलननें तें पुन्हा तीन मिनिटांच्या गाण्यावर, ठसकेबाज ठेक्यावर आणि नटण्यामुरडण्यावर आणून सोडलें. पाठोपाठ १९७२ सालीं डेव्हिड बोवीनें झिगी स्टारडस्ट नांवाचें एक काल्पनिक पात्र निर्माण केलें, आणि त्या पात्राच्याच वेषांत तो रंगमंचावर वावरूं लागला. रॉक्सी म्यूझिक, स्लेड, मॉट द हूपल ह्या मंडळ्या त्याच सुमारास पुढें आल्या. पुरुषांनीं रंगभूषा करून, रेशमी झगे घालून व्यासपीठावर यावें, ह्याचें इंग्लंडांतल्या वडीलधाऱ्या मंडळींना नवल वाटलें. ज्या महाराष्ट्रानें बालगंधर्वांच्या शालूकडे डोळे भरून पाहिलें त्याला तितकें वाटण्याचें कारण नाहीं. भेद एवढाच कीं, गंधर्वांच्या रंगभूमीवर प्रेक्षकानें पुरुष विसरावा अशी अपेक्षा होती. ह्या नव्या सोंगांत मात्र सोंग हें सोंग म्हणूनच दिसावें, अशी योजना होती.

आपल्या प्रांताचा ह्या इतिहासाशीं एक प्रत्यक्ष धागाहि आहे. फारुख बलसारा हा झांजीबारांत जन्मलेला पारशी मुलगा पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकला, तेथील मुलांच्या वाद्यवृंदांत पियानो वाजवूं लागला, आणि पुढें फ्रेडी मर्क्युरी ह्या नांवानें क्वीन ह्या मंडळीचा गायक झाला. क्वीनचीं पहिलीं वर्षें ह्याच झगमगाटाच्या छायेंत गेलीं. १९७३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधील मॉट द हूपलच्या दौऱ्यांत मुख्य जलशाआधीं गाण्याचें काम क्वीनकडे होतें.

हें संगीत मुळांत नाट्यधर्मी आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याच्या संग्राहकांची धडपड समजूं लागते. ध्वनिमुद्रणशाळेंत तयार झालेली तबकडी हें त्याचें निम्मेंच अंग होय. उरलेलें निम्में अंग त्या त्या रात्रीं, त्या त्या गांवीं, श्रोत्यांच्या आरोळ्यांत घडत होतें. मग कंपन्यांनीं ह्या जलशांच्या तबकड्या काढल्या नाहींत काय? काढल्या, पण त्या पाहूं गेल्यास संग्राहकाच्या असमाधानाचें कारण उघड होतें. १९७२ सालची 'स्लेड अलाइव्ह!' ही ह्या काळांतील एक उत्तम जिवंत तबकडी. ती १९७१ च्या ऑक्टोबरांत लंडनमधील एका ध्वनिमुद्रणशाळेच्या छोट्या नाट्यगृहांत, मुद्दाम बोलाविलेल्या श्रोत्यांपुढें तयार झाली. रॉक्सी म्यूझिकची १९७६ सालची 'व्हिव्हा!' ही तबकडी १९७३ सालचें ग्लासगो, १९७४ सालचें न्यूकॅसल आणि १९७५ सालचें वेंब्ली अशा तीन ठिकाणच्या जलशांतून सांधलेली आहे. म्हणजे ती ज्या जलशाचा आभास निर्माण करते तो जलसा कोठेंच झाला नाहीं. बोवीची १९७४ सालची 'डेव्हिड लाइव्ह' फिलाडेल्फियाच्या टॉवर नाट्यगृहांत मुद्रित झाली, पण साथीदारांचे कांहीं स्वर मागाहून भरावे लागले. ह्यांत लबाडी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. व्यापारी तबकडीचा धर्मच असा आहे कीं, तिनें रात्रीची साक्ष देण्याऐवजीं रात्रीची शोभा दाखवावी.

कित्येक जलशांची तर अधिकृत तबकडी निघालीच नाहीं, किंवा निघाली ती एक पिढी उलटल्यावर. क्वीननें १९७४ च्या मार्च महिन्यांत लंडनच्या रेनबो नाट्यगृहांत केलेला जलसा तबकडीसाठीं म्हणून मुद्रित झाला होता. तो प्रसिद्ध झाला २०१४ सालीं. बोवीचा सँटा मोनिका येथील २० ऑक्टोबर १९७२ चा जलसा नभोवाणीवरून प्रक्षेपित झाला, चोरट्या तबकड्यांतून जगभर पोंचला, आणि अधिकृत तबकडी म्हणून तो २००८ सालीं निघाला. संस्थांच्या दप्तरांवर विसंबावें तर त्यांचीहि कथा फारशी सुखावह नाहीं. बी. बी. सी. नें ह्या काळांतील 'टॉप ऑफ द पॉप्स' चे पुष्कळ भाग फिती पुन्हा वापरतां याव्या म्हणून पुसून टाकले. ज्यांच्या हातीं जतन करण्याचीं साधनें होतीं त्यांनीं पुसलें, आणि ज्यांना मुद्रण करण्याची मनाई होती त्यांनीं राखलें, असा हा विलक्षण प्रकार आहे.

त्यांनीं तें कसें राखलें? फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं कॅसेट बाजारांत आणली, आणि दहा वर्षांच्या आंत खांद्यावरच्या पिशवींत मावेल असें मुद्रणयंत्र शाळकरी मुलांच्या हातीं आलें. कोटाखालीं यंत्र, बाहीपाशीं मायक्रोफोन, आणि नशिबानें मिळालेली खुर्ची, एवढ्या सामग्रीवर हें काम चाले. शेजारी किंचाळणारा निघाला तर सगळी रात्र किंचाळीची व्हावयाची. ह्या कल्पनेला वडीलधारा पूर्वजहि आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचा ग्रंथपाल लायनेल मेपलसन ह्यानें १९०१ ते १९०३ च्या सुमारास रंगमंचाच्या वरून व बाजूनें एडिसनच्या यंत्रावर मेणाचे नळकांडे फिरवून चालत्या प्रयोगांचे दोनदोन मिनिटांचे तुकडे टिपले. खरखर इतकी कीं, त्यांतून गाणें शोधून काढावें लागतें. पण झां द रेस्के ह्या आपल्या काळच्या श्रेष्ठ गायकाचा आवाज आज ऐकावयाचा तर त्याच खरखरींतून ऐकावा लागतो. १९८५ सालीं न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयानें ते तुकडे तबकड्यांच्या संचांत प्रसिद्ध केले, तेव्हां त्यांना कोणी हीन म्हटलें नाहीं. ऑपेराची खरखर विद्वत्तेचा विषय आणि रॉकची खरखर पोरकटपणाचा, हा भेद कलेचा नसून प्रतिष्ठेचा आहे.

आतां ह्या फितींचे दोष पाहूं. कारण 'सुधारलेली प्रत' म्हणजे काय हें दोष कळल्याशिवाय कळत नाहीं. पहिला दोष गतीचा. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपांच सेंटिमीटर ह्या गतीनें सरकावी असा नियम आहे. परंतु विजेरी उतरत आली म्हणजे मुद्रण करणारें यंत्र मंद चालतें, आणि तीच फीत पुढें चांगल्या यंत्रावर लावली म्हणजे गाणें जलद व उंच ऐकूं येतें. गति सहा टक्के वाढली तर पांढरी एकमधलें गाणें काळी एकमध्यें जातें, आणि पंचेचाळीस मिनिटांची बाजू साडेबेचाळीस मिनिटांत संपते. गायकाच्या आवाजाची जातच त्यानें बदलते. दुसरा दोष पिढ्यांचा. फितीवरून फीत, तिच्यावरून आणखी एक, अशा नकला होत गेल्या कीं प्रत्येक पिढींत खरखर वाढते व वरचे बारीक स्वर बुजतात. तिसरा दोष यंत्रांच्या न जुळण्याचा. मुद्रण करणाऱ्या यंत्राचा स्पर्शबिंदु फितीशीं जरा तिरपा असेल आणि वाजविणाऱ्याचा सरळ असेल, तर झांजांचा झणत्कार नाहींसा होऊन आवाज गोधडींत गुंडाळल्यासारखा येतो. मुद्रण डॉल्बीच्या युक्तीनें केलें असून वाजवितांना ती युक्ति बंद ठेविली, किंवा ह्याच्या उलट झालें, तरी स्वरांचा तोल बिघडतो.

चौथा दोष खंडांचा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते. ती उलटेपर्यंत जें गाणें चालू असेल त्याचा लचका तुटतो. त्यांत फीत वाचविण्यासाठीं पुष्कळजण दोन गाण्यांच्या मध्यें यंत्र थांबवीत. ही काटकसर किती महाग पडूं शकते ह्याचें उदाहरण ३ जुलै १९७३ ची हॅमरस्मिथ ओडियनमधील रात्र हें आहे. त्या रात्रीं बोवीनें शेवटच्या गाण्याआधीं, हा आपला अखेरचा जलसा होय, असें एकाएकीं जाहीर केलें. त्याच्या मागें उभ्या असलेल्या ट्रेव्हर बोल्डर व वुडी वुडमन्सी ह्या साथीदारांनाहि तें ठाऊक नव्हतें. ज्या घटनेमुळें ती रात्र इतिहासांत गेली ती दोन गाण्यांच्या मधल्या अवकाशांत घडली. गाणीं तेवढीं महत्त्वाचीं मानून मधली जागा गाळणारा काटकसरी श्रोता नेमका तिलाच मुकला असता.

ह्या दोषांचें परिमार्जन करणाऱ्या संग्राहकाचें काम पाहिलें म्हणजे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. तेथें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम सुरू झालें, आणि तें १९६६ सालीं पुरें झालें. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर ह्यांनीं १९२५ पासून १९४३ पर्यंत त्या कार्याची धुरा वाहिली. त्यांचें कार्य व्यासांचा मूळ शब्द शोधून काढण्याचें नव्हतें; उपलब्ध पोथ्यांच्या आधारें जितकें मागें जातां येईल तितकें जाऊन थांबावें, निवडलेला पाठ वर छापावा, टाकलेले पाठ तळाशीं द्यावे, आणि प्रक्षिप्त वाटलेला भागहि फेंकून न देतां परिशिष्टांत ठेवावा, असा त्यांचा दंडक होता. वाचकाला संपादकाचा निर्णय मान्य नसेल तर तो तळटीप पाहून स्वतः निर्णय करूं शकतो. संपादकाच्या विद्वत्तेइतकीच ही त्याची नम्रता ह्या आवृत्तीची खरी प्रतिष्ठा आहे.

चांगला फितसंग्राहक हेंच करीत असतो. एका जलशाच्या दोनतीन फिती मिळाल्या तर त्यांतली कोणती मूळ, कोणती कोणाची नकल, ह्याची वंशावळ तो लावतो. एकींत कॅसेट उलटतांना पडलेला खंड दुसरींतल्या तुकड्यानें भरून काढतो व कोठें भरला हें लिहून ठेवतो. गति ठरवितांना तो केवळ कानावर विसंबत नाहीं, कारण गिटारी त्या रात्रीं किंचित् चढ्या लावलेल्या असूं शकतात. गिटारींच्या ध्वनिवर्धकांतून जो विजेचा बारीक गुणगुणाट मुद्रणांत उतरलेला असतो तो तो शोधून काढतो. इंग्लंडांत विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा, अमेरिकेंत ६० चा. हा गुणगुणाट योग्य जागीं आणून बसविला कीं गाणें आपोआप आपल्या स्वरांत येतें. जपानांत तर तोकियोची वीज ५० ची व ओसाकाची ६० ची आहे. १९७३ च्या एप्रिलांत बोवीनें ह्या दोन्ही शहरीं जलसे केले, तेव्हां त्या दौऱ्याच्या फिती सुधारणाऱ्यास भूगोलहि पाठ असावा लागतो. आणि दोन प्रतींत भेद दिसला, एकींत गायक शब्द चुकतो व दुसरींत ती जागा साफ आहे, तर अनुभवी संग्राहक चुकीची बाजू घेतो. साफ जागा मागाहून बसविलेली असण्याचा संभव अधिक. पोथ्यांच्या चिकित्सकालाहि सोप्या पाठापेक्षां अवघड पाठाचा भरंवसा जास्त वाटतो, तो ह्याच कारणानें.

येथवर आम्ही ह्या मंडळींचे सर्वस्वीं समर्थक आहों. मतभेदाचें स्थळ ह्यापुढें येतें. गति दुरुस्त करणें, तिरपा स्पर्शबिंदु सरळ करणें, खंड भरणें ह्या क्रिया फितीवर बाहेरून आलेलें विघ्न दूर करतात. परंतु हल्लीं 'सुधारणा' ह्या शब्दाखालीं आणखी एक प्रकार शिरला आहे, तो म्हणजे त्या रात्रीं सभागृहांत जें खरोखरच होतें तेंच काढून टाकणें. खरखर घालविण्याचें यंत्र हावरेपणानें चालविलें कीं खरखरीबरोबर झांजांचा नाद आणि भिंतींवरून परतणारा प्रतिध्वनि हेहि जातात, व मागें पाण्याखालून आल्यासारखा एक बुडबुडता आवाज उरतो. सर्व स्वर सारख्याच मोठ्यानें ऐकूं यावे म्हणून दाबून बसविले कीं हळू व मोठा हा भेदच नष्ट होतो. आणि ज्या संगीतांत एका कुजबुजीनंतर वाद्यांचा स्फोट होतो त्यांतून स्फोटच गेला तर राहिलें काय? दोन श्रोत्यांच्या फिती एक डाव्या व एक उजव्या कानाला लावण्याची कल्पना मनोरम आहे. पण ध्वनि सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो, म्हणून चौतीस मीटर मागें बसलेल्यास तोच ठेका एक दशांश सेकंद उशिरां पोंचतो. हा फरक काढून टाकला तरी जें ऐकूं येतें तें त्या सभागृहांतल्या कोणाहि माणसानें ऐकलेलें नसतें. 'व्हिव्हा!' वरील आक्षेप मग ह्या प्रतीवरहि येतो.

अलीकडच्या यंत्रांनीं तर ही कुवत फारच वाढविली आहे. २०२१ सालीं 'गेट बॅक' ह्या चित्रपटासाठीं बीटल्सच्या जुन्या मुद्रणांतले एकत्र मिसळलेले आवाज सुटे करण्यांत आले. २०२३ सालीं त्याच जातीच्या तंत्रानें जॉन लेननचा आवाज एका घरगुती कॅसेटवरून सोडवून 'नाउ अँड देन' हें गाणें पुरें झालें. तशीं साधनें आतां घरोघर पोंचलीं आहेत, आणि प्रेक्षागारांतल्या फितींतून गायकाचा आवाज एकीकडे व श्रोत्यांचा गलबला दुसरीकडे करण्याचा उद्योग सुरू झाला आहे. लेननच्या कॅसेटींत पियानोच्या आड त्याचा आवाज दडला होता. तो सोडविणें म्हणजे अडथळा दूर करणें. ग्लॅम रॉकच्या जलशांत श्रोत्यांचा गलबला हा अडथळा आहे काय?

ह्या प्रश्नाचें उत्तर १८ मार्च १९७२ च्या वेंब्ली येथील टी. रेक्सच्या दोन जलशांत सांपडतें. रिंगो स्टारनें ते 'बॉर्न टु बूगी' ह्या चित्रपटासाठीं चित्रित केले, म्हणून त्यांचा पुरावा सर्वांस उपलब्ध आहे. तेथें किंकाळ्या गाण्याच्या पाठीमागें नाहींत, त्या गाण्याच्या अंगांत भिनलेल्या आहेत. बोलन एक स्वर लांबवितो, थांबतो, मुलींची किंकाळी वर चढते, ती उतरेपर्यंत तो वाट पाहतो, आणि मग पुढचा ठेका टाकतो. ती किंकाळी काढून टाकली तर त्याचें थांबणें निरर्थक होतें. जणूं संवादांतल्या एका पात्राचीं सगळीं वाक्यें खोडून दुसऱ्याचीं तेवढीं छापलीं. आपल्या मैफलींत समेवर उठणारी दाद जशी गाण्याचा भाग असते तसाच येथें हा कल्लोळ आहे. ज्यानें तो धुऊन टाकला त्यानें मैफल सुधारली नाहीं, तिचें तालमींत रूपांतर केलें.

ह्याहून सूक्ष्म असें एक उदाहरण आहे. १२ मे १९७३ रोजीं बोवीनें लंडनच्या अर्ल्स कोर्ट ह्या अवाढव्य प्रदर्शनगृहांत अठरा हजार श्रोत्यांपुढें जलसा केला. ध्वनिक्षेपण अपुरें पडलें, मागच्यांना धड दिसेना व ऐकूं येईना, लोक पुढें घुसूं लागले, आणि तो जलसा फसला हें सर्वमान्य आहे. समजा, त्या रात्रीची एखादी फीत कोणी इतक्या कौशल्यानें सुधारली कीं प्रत्येक शब्द लखलखीत ऐकूं यावा. तर ती फीत ऐकणारास तो जलसा फसला कसा हें कधींच कळणार नाहीं. ती प्रत कानाला गोड आणि इतिहासाला खोटी होईल. त्या रात्रीचा कर्कशपणा हा फितीचा दोष नसून रात्रीचाच गुण किंवा अवगुण होता. संपादकानें लेखकूच्या चुका दुरुस्त कराव्या, कवीच्या नव्हेत. हा जुना नियम येथें अक्षरशः लागू पडतो.

ह्या साऱ्या व्यवहारावर दोन आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार केल्याशिवाय हें विवेचन पुरें होणार नाहीं. पहिला आक्षेप हक्काचा. कलावंताच्या लेखी संमतीवांचून त्याच्या प्रयोगाचें मुद्रण करणें हा इंग्लंडांत १९५८ च्या कायद्यान्वयें गुन्हा होता. केवळ खाजगी व घरगुती उपयोगासाठीं केलेल्या मुद्रणास त्यांत बचाव ठेविला होता. ही मर्यादा आम्हांस नीतीच्या दृष्टीनेंहि योग्य वाटते. फीत विकून पैसा करणारा आणि फीत जपून ठेवणारा ह्यांना एकाच मापानें मोजतां येणार नाहीं. पहिला कलावंताच्या ताटांतलें उचलतो, दुसरा ताटाबाहेर सांडलेलें वेंचतो. प्रामाणिक संग्राहकांची रीत अदलाबदलीची आहे, विक्रीची नाहीं. तरीहि कलावंताचा एक हक्क उरतोच, तो म्हणजे आपल्या वाईट रात्री विसरल्या जाव्या हा. त्याची बूज राखावी किती, ह्याविषयीं दुमत होऊं शकेल. क्वीननें २००४ च्या सुमारास जो मार्ग काढला तो आम्हांस समंजसपणाचा वाटतो; श्रोत्यांनीं जमविलेल्या फितींपैकीं निवडक फिती मंडळीनें स्वतःच अधिकृतपणें विक्रीस उपलब्ध करून दिल्या. ज्याची वस्तु त्याच्या नांवावर आली, आणि ज्यांनीं ती राखली त्यांचें श्रमहि वायां गेले नाहींत.

दुसरा आक्षेप क्षुद्रतेचा. चमकी लावून नाचणाऱ्या पोरांच्या गाण्यावर एवढी विद्वत्ता खर्चावी काय, असें कांहीं गंभीर प्रकृतीचे वाचक विचारतील. त्यांना आमचें उत्तर असें कीं, कोणती कला क्षुद्र व कोणती थोर हें ठरविण्याचा अधिकार समकालीनांना फार थोडा असतो. लावणी व तमाशा ह्यांना शिष्टांनीं नाक मुरडलें नसतें तर जुन्या शाहिरांविषयीं आपल्याला आज कितीतरी अधिक ठाऊक असतें. बोवीच्या ८ जुलै १९७२ च्या जलशाचें उदाहरण घ्या. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्यें देवमाशांच्या संरक्षणार्थ तो झाला, आणि अमेरिकेचा लू रीड तेथें पाहुणा म्हणून बोवीच्या साथीदारांबरोबर गायला. त्या वेळीं ही गोष्ट एका सायंकाळच्या करमणुकीची होती. आज ती दोन थोर गीतकारांच्या मैत्रीचा आरंभींचा पुरावा आहे, आणि त्याच वर्षीं बोवीनें रीडच्या 'ट्रान्सफॉर्मर' ह्या तबकडीची जी सिद्धता केली तिच्याकडे नेणारा तो एक दुवा आहे. सभागृहांत यंत्र घेऊन बसलेल्या श्रोत्याला हें कळण्याचें कारण नव्हतें. त्याला गाणें आवडलें होतें, एवढेंच. आणि तेवढें पुरेसें होतें.

अधिकृत तबकड्यांवरहि काळ सूड घेतो, ह्याचा एक दाखला देऊन आम्ही निष्कर्षाकडे वळतों. हॅमरस्मिथच्या त्या अखेरच्या रात्रीं प्रख्यात गिटारवादक जेफ बेक हा कांहीं गाण्यांत सामील झाला होता. डी. ए. पेनबेकरच्या चित्रपटांतून आणि १९८३ सालच्या तबकड्यांतून तो भाग वगळण्यांत आला. अधिकृत प्रतीवरच विसंबणारास त्या रात्रीं बेक तेथें नव्हताच. बेक २०२३ च्या जानेवारींत वारला, आणि त्याच वर्षीं निघालेल्या पन्नासाव्या वर्षाच्या आवृत्तींत त्याचें वादन अखेर जागेवर आलें. वगळलेलें परत घेतां येतें, तें कोणीतरी वगळलेलें जपून ठेविलें असेल तरच.

म्हणून सुधारलेल्या फितींची परीक्षा करतांना आम्ही तीन कसोट्या लावूं. मूळ प्रत, तिच्या सर्व खरखरीसह, बाजूला अबाधित ठेविली आहे काय? सुधारणाऱ्यानें काय केलें, कोठें तुकडा जोडला, गति कशावरून ठरविली, हें लिहून ठेविलें आहे काय? आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची: काढून टाकलें तें फितीचें होतें कीं सभागृहाचें? ह्या तिन्ही कसोट्यांस उतरणारी प्रत आमच्या मतें अधिकृत तबकडीच्या पंक्तीस बसण्यास पात्र आहे. पुष्कळदां तिच्यापेक्षां वरच्या पाटावर. जी केवळ लखलखते तिच्यापेक्षां आम्ही मळकी मूळ प्रत पसंत करूं.

काळ ह्या कामाला फारसा अवधि देणार नाहीं. बोलन १९७७ सालींच गेला, मर्क्युरी १९९१ सालीं, बोवीचा गिटारवादक मिक रॉन्सन १९९३ सालीं, आणि स्वतः बोवी २०१६ सालीं. रेनबो नाट्यगृहांत आज प्रार्थना चालते. अर्ल्स कोर्टची इमारत तर पाडून टाकली. कोटाखालीं यंत्र लपविणारीं मुलें आतां सत्तरीच्या घरांत आहेत, आणि त्यांच्या कपाटांतल्या कॅसेटींवरील लोहचूर्णाचा थर वर्षागणिक झिजत आहे. त्यांतून पुढच्या पिढीला काय ऐकूं येईल हें ज्यांच्या हातीं आहे त्यांच्याकडे आज साधनें विपुल आहेत. त्यांच्याजवळ सुखटणकरांचा संयमहि असावा, एवढीच अपेक्षा. जुन्या रात्रीवर उजेड पाडावा. तिचा दिवस करूं नये.